टॅलीतली उधारी आणि भाषा मॉडेल: जोडणीच्या प्रकल्प नोंदी

3 नोव्हेंबर 2025, सोमवार

काम पक्कं झालं. तासगावचे ठिबक आणि पंपांचे घाऊक व्यापारी. गिऱ्हाईक म्हणजे द्राक्षबागायतदार आणि आसपासच्या गावांतले छोटे दुकानदार. हिशेब टॅलीत, दिवाणजींच्या टेबलावरच्या विंडोज मशीनवर. मालकांना फोनवरून मराठीत विचारायचंय: "सावळजच्या पाटलांकडं किती याचंय?", "जुनी उधारी कुणाकुणाची?", "या आठवड्यात फोन कुणाला करू?" उत्तर टॅलीतलं हवं, भाषा मॉडेलच्या (चॅटजीपीटीमागं असतं तसल्या एआयच्या) अंदाजातलं नको.

मालकांचा पहिला प्रश्न: "म्हणजे ते एआय आमच्या टॅलीत शिरणार?" शिरणार नाही. मॉडेल फक्त लिहून देतं की अमुक टूल, म्हणजे आपण लिहिलेलं एका कामाचं छोटं फंक्शन, अमुक माहिती देऊन चालवा. चालवतो आपला प्रोग्राम. निकाल परत मॉडेलला देतो, ते वाचून मॉडेल उत्तराची वाक्यं करतं. दाराशी उभा राहणार आपला प्रोग्राम, म्हणून काय आत सोडायचं आणि काय नाही ते आपण ठरवणार. हे ऐकल्यावर मालक जरा सैल झाले. दिवाणजी नाही झाले.

5 नोव्हेंबर

पर्याय कागदावर घेतले.

थेट फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलनं टूल मागायची वर सांगितलेली पद्धत. ओपनएआयनं जून 2023 मध्ये एपीआयमध्ये (प्रोग्राममधून मॉडेल वापरायच्या दारात) आणलं, आज सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या एपीआयमध्ये आहे. टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कुठली माहिती कुठल्या रूपात भरायची याचा साचा) प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचा. कंपनीगणिक मांडणी थोडी वेगळी. एकीकडे मॉडेलनं भरलेली माहिती मजकुराच्या रूपात येते आणि ती आपण उलगडायची, दुसरीकडे तयार ऑब्जेक्ट येतो. हा फरक एका छोट्या फाइलीत मिटतो.

एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, चॅटची ॲप आणि टूलं जोडायची सामायिक पद्धत. अँथ्रोपिकनं 25 नोव्हेंबर 2024 ला खुला केला. जेसन-आरपीसी 2.0 या संदेशांच्या ठरलेल्या मांडणीवर उभा आहे. मूळ कल्पना एडिटरच्या जगातल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवरून घेतलेली: प्रत्येक एडिटरनं प्रत्येक भाषेसाठी वेगळं काम करण्याऐवजी भाषेचा सर्व्हर एकदाच लिहायचा. इथं एडिटरच्या जागी चॅटचं ॲप आणि भाषेच्या जागी टॅली, कॅलेंडर, डेटाबेस वगैरे.

ओपनएपीआय या वेब सेवेचं वर्णन करायच्या मानक पद्धतीनं जोडणं. चॅटजीपीटीचे प्लगइन मार्च 2023 मध्ये याच वाटेनं आले आणि एप्रिल 2024 मध्ये बंद झाले. वर्णनाची ती पद्धत कस्टम जीपीटींच्या ॲक्शन्समध्ये टिकली. पण त्यासाठी इंटरनेटवरून दिसणारा एचटीटीपीएस पत्ता लागतो. दुकानातल्या मशीनला तो नाही आणि देणारही नाही.

चौथा, मॉडेलला शेल (संगणकावर आज्ञा चालवायची खिडकी) देऊन स्क्रिप्टा चालवू देणं. आमच्यासारख्या प्रोग्रामरला हे फार सोयीचं, मी रोज वापरतो. मालकांच्या फोनसाठी हा विचारही नको.

अशी जोडणी करून देणाऱ्या तयार फ्रेमवर्कांची तुलना केली नाही. चार-पाच टूलं आणि एक लूप (मॉडेलला विचारणं, टूल चालवणं, निकाल परत देणं ही फेरी), त्याला फ्रेमवर्क कशाला?

6 नोव्हेंबर

कामातल्या जोडीदाराचं म्हणणं, आता नवीन काही करायचं तर सरळ एमसीपी. ओपनएआयनं मार्च 2025 मध्ये स्वीकारला, गूगलनं एप्रिलमध्ये होकार दिला, मग वाद कशाला?

माझं म्हणणं वेगळं आहे. मॉडेलच्या नजरेतून दोन्ही एकच. एमसीपी सर्व्हरकडून टूलांची यादी घेऊन क्लायंट शेवटी तेच नाव, तेच वर्णन, तोच स्कीमा मॉडेलसमोर ठेवतो. टूल कुठल्या वाटेनं आलं हे मॉडेलला कळतही नाही, त्यामुळे उत्तर एमसीपीनं सुधारत नाही आणि बिघडतही नाही. फरक पडतो तो बाहेर: टूल कोण चालवतं, ते कुठल्या मशीनवर राहतं आणि किती वेगवेगळ्या ॲपना ते लागणार आहे. आज आपल्याकडं ॲप एक, मॉडेल एक, टॅली एक. एकाला एक जोडायला मधे प्रोटोकॉल घालून हाती काय येणार?

तूर्त ठरलं ते असं: टूलं साधी पायथन फंक्शनं म्हणून लिहायची, मॉडेलच्या एपीआयबद्दल त्यांना काही ठाऊक नसावं. वरचा थर पातळ. दुसरं ॲप आलं की एमसीपीचा थर त्याच फंक्शनांवर चढवू.

8 नोव्हेंबर, शनिवार

दुकानात गेलो. टॅलीत एचटीटीपी सर्व्हर असतो. सेटिंग चालू केलं की नेहमीच्या 9000 या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांकित दारावर) तो एक्सएमएल या खुणांच्या मांडणीतल्या विनंत्या ऐकतो. कंपनी उघडी असेल तर अहवाल एक्सएमएलमध्ये परत येतो. दिवाणजींसमोरच एका खात्याचा उतारा मागवला. आला, आणि त्यांनी पडद्यावरच्या उताऱ्याशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. असा तपासनीस मिळणं हे नशीब.

त्याच पोर्टवर निर्यात आणि आयात दोन्ही चालतात. विनंतीत "एक्स्पोर्ट"च्या जागी "इंपोर्ट" लिहून व्हाउचर पाठवलं तर ते पुस्तकात पडतं. म्हणून "टॅलीला हवं ते एक्सएमएल पाठव" असं एकच ढोबळ टूल मॉडेलला देण्याचा मोह आज इथंच संपला. मॉडेल एक्सएमएल छान लिहितं, आणि अडचण तीच आहे. वाचनाचे मोजके साचे आमच्या कोडमध्ये पक्के राहतील. मॉडेलनं फक्त रिकाम्या जागा भरायच्या: खातं कुठलं, तारीख कुठली.

पोर्ट दुकानाच्या नेटवर्कवर उघडं ठेवायचं नाही, त्याच मशीनपुरतं. फायरवॉलचा नियम आजच घातला.

10 नोव्हेंबर

टॅलीच्या एक्सएमएलमधल्या दोन गोष्टी, पुढं कुणाला लागतील म्हणून इथं.

नावे रक्कम ऋण चिन्हासह येते, जमा रक्कम धन. म्हणजे ज्याच्याकडून पैसे यायचेत त्याची बाकी उणे दिसते. हा आकडा तसाच मॉडेलला दिला तर ते बिनधास्त सांगतं की पैसे आपणच द्यायचे आहेत, आणि तेही सभ्य, खात्रीच्या मराठीत. उपाय: टूलच्या निकालात चिन्ह नकोच. "दिशा: येणे" किंवा "दिशा: देणे" असा वेगळा रकाना आणि रक्कम नेहमी धन. प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनांत) "उणे म्हणजे येणं समज" असं लिहून भागवता आलं असतं, पण जी गोष्ट कोडमध्ये कायमची मिटते ती मॉडेलच्या लक्षात राहण्यावर सोडू नये.

दुसरी, "नॉट ॲप्लिकेबल"सारख्या मजकुरापुढं एक नियंत्रण चिन्ह येतं, सांकेतिक क्रमांक 4. काटेकोर पार्सर (एक्सएमएल उलगडणारा कोड) तिथं अडतो. वाचण्याआधी गाळून टाकायचं.

11 नोव्हेंबर

जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राची शेवटची तारीख. दिवाणजींना फोन करायचा नाही.

13 नोव्हेंबर

टूलांचा आकार. खरं काम हेच आहे, बाकी तारा जोडणं.

पहिलं, खाते_शोध. तासगाव तालुक्यात "पाटील" म्हणून काय सापडणार? खात्यांची नावं रोमन लिपीत, एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगं, कुठं आडनाव आधी तर कुठं दुकानाचं नाव आधी. मालक बोलतात "सावळजचे पाटील, ते ठिबकवाले". टूल नाव आणि गाव घेतं, उच्चाराच्या जवळिकीनं जुळवतं आणि संभाव्य खात्यांची छोटी यादी देतं, प्रत्येकाचं गाव आणि शेवटच्या व्यवहाराची तारीख सोबत. एकाहून अधिक असतील तर मॉडेलनं मालकांना विचारायचं. पुढची सगळी टूलं नाव घेतच नाहीत, टॅलीतला खात्याचा ओळख क्रमांक घेतात. त्यामुळे शोध टाळून अंदाजानं पुढं जाण्याची वाटच बंद होते.

दुसरं, थकबाकी. बेरीज टूलनंच करून द्यायची. लांब यादी देऊन मॉडेलला बेरीज करायला लावणं म्हणजे कधीतरी चुकीचा आकडा मालकांच्या तोंडी जाणं. यादीही पहिल्या वीस खात्यांपुरती, खाली "आणखी इतकी खाती, एकूण इतके रुपये" अशी ओळ.

रिकाम्या निकालाचा प्रश्न वेगळा. यादी रिकामी गेली की मॉडेल "काही येणं नाही" असं म्हणून मोकळं होतं. पण खातं सापडलंच नाही आणि खातं आहे पण बाकी शून्य, या दोन वेगळ्या गोष्टी. दोन्हींसाठी वेगळी, स्पष्ट वाक्यं टूलमधून जातील. चुकीचा संदेशही मॉडेलनं वाचायचाय हे धरून लिहायचा: "हा क्रमांक खात्यांत नाही. आधी खाते_शोध चालवा." नुसता "चूक 404" गेला की मॉडेल तेच टूल त्याच माहितीनं पुन्हा चालवत बसतं.

15 नोव्हेंबर, शनिवार

"जुनी उधारी" म्हणजे नेमकी किती जुनी? मला वाटलं होतं प्रश्न सोपा आहे: तीस, साठ, नव्वद दिवस, टॅलीतला वयवार अहवाल. दिवाणजींनी चहा सांगितला आणि शिकवणी घेतली.

बागायतदार ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणीला माल नेतो आणि पैसे देतो द्राक्ष निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. बेदाणा केला तर आणखी उशिरा, कारण बेदाणा शीतगृहात पडून असतो आणि भाव पाहून सौद्याला जातो. त्याची ऑक्टोबरची उधारी जानेवारीत नव्वद दिवसांची होते, पण ती थकलेली नसते. त्याला आत्ता फोन केला तर पुढच्या वर्षी तो माल दुसरीकडून नेईल. दुकानदाराचं गणित निराळं: त्याला तीस दिवसांचा वायदा, पंचेचाळीस झाले की फोन.

म्हणून थकबाकी टूलला "किती दिवस" या मापाशिवाय गिऱ्हाइकाचा प्रकार कळायला हवा. टॅलीत दोन्हींचे गट वेगळे आहेत, ही दिवाणजींचीच शिस्त. बागायतदारांसाठी निकालात दिवसांच्या जागी "मागचा हंगाम" आणि "चालू हंगाम" असे दोन भाग जातील. मागच्या हंगामाचं राहिलं असेल तरच ती जुनी उधारी.

आणखी एक. पैसे आले की काउंटरवरचा मुलगा ते बिलाला न लावता "ऑन अकाउंट" जमा करतो. मग बिलं उघडीच दिसतात आणि खात्यावर पैसेही दिसतात. टूल दोन्ही आकडे देणार: उघडी बिलं आणि न लावलेली जमा. नाहीतर ज्यानं कालच पैसे भरले त्यालाच फोन जायचा.

यातलं काहीही एमसीपी, ओपनएपीआय किंवा कुठलाही प्रोटोकॉल आपल्यासाठी करणार नव्हता.

17 नोव्हेंबर

थेट टॅली की नक्कल? मालकांचे प्रश्न बहुतेक काल-परवापर्यंतच्या बाकीचे असतात. दुकानातली एक छोटी सेवा ठरावीक वेळानं टॅलीतून बदल वाचते आणि आमच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरते. जोडणी दुकानाच्या बाजूनं बाहेर जाते, बाहेरून आत काही येत नाही, त्यामुळे स्थिर पत्त्याचा प्रश्नही उरत नाही. टूलं फक्त ही नक्कल वाचतात, तीही वाचनापुरत्या हक्कांच्या डेटाबेस खात्यावरून.

मॉडेल कितीही भरकटलं तरी टॅलीत एक पैसा इकडचा तिकडं होणार नाही. दिवाणजींना हे सांगितल्यावर पहिल्यांदा मान हलली.

किंमत ताजेपणाची. "आरटीजीएस आलं का?" याला नक्कल मागं असू शकते. प्रत्येक निकालात "माहिती अमुक वाजेपर्यंतची" ही वेळ जाते आणि उत्तरात ती सांगायचीच.

मोबाइल नंबर नकलेत घेतलेच नाहीत. मॉडेलला ते लागत नाहीत. वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नियमही याच महिन्यात अधिसूचित झालेत, जे जवळ नाही ते सांभाळावं लागत नाही.

19 नोव्हेंबर

टूलची वर्णनं मराठीत की इंग्रजीत? नावाचा प्रश्नच नाही, मोठ्या एपीआयमध्ये टूलच्या नावाला रोमन अक्षरं, अंक, अधोरेखा, जोडरेषा अशी मोजकीच चिन्हं चालतात. या नोंदींत मी देवनागरीत लिहितोय ते वाचायच्या सोयीसाठी. वर्णन कुठल्याही भाषेत चालतं. पण देवनागरी मजकुराला बहुतेक टोकनायझरमध्ये (मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या भागात) इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे तुकडे, लागतात आणि वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात. शेवटी वर्णनं छोट्या इंग्रजीत, आत मालकांचे शब्द जसेच्या तसे: येणं, उधारी, बाकी, वायदा, छाटणी, हंगाम. "वायदा" म्हणजे इथं पैसे द्यायची ठरलेली तारीख, शेअरबाजारातला वायदा नव्हे, एवढं एक वाक्य घातल्यावर उत्तरं जागेवर आली.

24 नोव्हेंबर

मॉडेल बदलून पाहिली, तेच प्रश्न, तीच टूलं. मोठी मॉडेलं खाते_शोध आधी चालवतात आणि दोन पाटील निघाले की विचारतात. दुकानातच चालवता येईल असं छोटं खुलं मॉडेल ओलामा या मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्राममधून लावलं. टूल निवडतं बरोबर, पण ओळख क्रमांकाच्या जागी नाव भरतं. स्कीमा काटेकोर केला तर क्रमांक भरतं, मात्र स्वतःच्या मनानं रचलेला. तूर्त मोठं.

स्कीमा पाळला म्हणजे उत्तर खरं झालं असं नाही. काटेकोर स्कीमा फक्त आकाराची हमी देतो: आठ अंकी क्रमांक हवा तर आठ अंकी येईल. तो कुणाचा, हे टूलनंच तपासायचं.

2 डिसेंबर

मालकांनी विचारलं, "ठिबकच्या नळीवर जीएसटी किती लावायचा?" मॉडेलनं टूल न चालवता 12 टक्के सांगितलं. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक संच आणि तुषार सिंचनाचा दर 5 टक्के झालाय. मॉडेलचं शिक्षण त्याच्या आधीचं.

दर टॅलीतल्या मालाच्या नोंदीतून वाचणारं छोटं टूल जोडलं. प्रॉम्प्टमध्ये एक ओळ: कर, भाव, बाकी, साठा यातलं काहीही टूलशिवाय सांगायचं नाही. पण ओळीवर भिस्त नको म्हणून उत्तरात रुपये किंवा टक्के दिसले आणि त्या फेरीत टूल चाललेलंच नसेल तर उत्तर बाहेर पडण्याआधी अडवतो. हे अडवणं आमच्या लूपमध्ये आहे. लूप आपला असण्याचा हा फायदा पहिल्यांदा ठळकपणे जाणवला: तयार चॅट ॲपमध्ये अशी चाळणी बसवायला जागा मिळत नाही.

5 डिसेंबर

आठवणीचे निरोप. मालकांना हवंय: "मागच्या हंगामाचं राहिलंय त्या सगळ्यांना व्हॉट्सॲप टाक." इथं पहिल्यांदा टूल काहीतरी करणार आहे, नुसतं वाचणार नाही.

निरोप_मसुदा असं टूल केलं, निरोप_पाठव असं केलंच नाही. मॉडेल यादी आणि मजकूर तयार करून ठेवतं. पाठवण्याचं बटण मालकांच्या पडद्यावर, प्रत्येक नावापुढं खूण काढण्याची सोय. बटणामागच्या कोडशी मॉडेलचा संबंध नाही, फोन नंबर तिथंच जोडला जातो. एमसीपीच्या नियमांतही म्हटलंय की टूल चालण्याआधी नकार देऊ शकणारा माणूस मधे असावा, पण तिथं ते "असावं" आहे, आणि पाळायचं की नाही हे ॲपच्या हातात. इथं पाठवण्याचं टूलच अस्तित्वात नाही.

जोडीदार म्हणाला, जास्तच सावध होतोयस. सोयऱ्यालाच "थकबाकी भरा" गेल्याचा किस्सा मालकांनी स्वतः सांगितल्यावर गप्प बसला.

10 डिसेंबर

बातमी: एमसीपी आता लिनक्स फाउंडेशनखालच्या नव्या एजंटिक एआय फाउंडेशनकडं. अँथ्रोपिक, ब्लॉक आणि ओपनएआय मिळून ते उभं करतायत. चांगलं झालं. एका कंपनीच्या हातातला प्रोटोकॉल गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधताना मन कचरतं, ते आता कमी होईल. आपल्या आजच्या निर्णयात फरक नाही.

15 डिसेंबर, सोमवार

फरक पडला, पण बातमीमुळे नाही. मालकांच्या सीएंनी हे पाहिलं. त्यांना हीच माहिती त्यांच्या संगणकावरच्या क्लॉड डेस्कटॉप या अँथ्रोपिकच्या चॅट ॲपमध्ये हवीय, कारण त्यांच्या बाकीच्या फाइली तिथंच आहेत. त्यांच्याकडचा एक सहायक चॅटजीपीटी वापरतो, त्यालाही हवं.

म्हणजे टूलं तीच, ॲप तीन, त्यातली दोन आपली नाहीत. आता एमसीपी. जोडीदारानं "बघ, मी म्हणत होतो" असं म्हणायची संधी सोडली नाही. मीही सोडली नसती.

18 डिसेंबर

एमसीपीचा थर चढवला. आतली फंक्शनं तशीच, वर नोंदणीचा पातळ कोड. पहिल्या मसुद्यात अपेक्षेपेक्षा कमी लिहावं लागलं. त्याचं कारण नोव्हेंबरमधला तो निर्णय: फंक्शनांना मॉडेलच्या एपीआयचा वासही लागू द्यायचा नाही.

वाहतूक, म्हणजे ॲप आणि सर्व्हरमधल्या संदेशांची वाट, कुठली? स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालणारा सर्व्हर वापरणाऱ्याच्या मशीनवर बसवावा लागतो. सीएंच्या कार्यालयात पायथन बसवायला मी जाणार नाही. शिवाय त्यात आउटपुटवर प्रोटोकॉलच्या संदेशाखेरीज एक अक्षरही जाऊन चालत नाही, लॉग एररच्या प्रवाहातच लिहावे लागतात. डेटा तसाही आमच्या सर्व्हरवर आहे, म्हणून इंटरनेटवरून चालणारी स्ट्रीमेबल एचटीटीपी ही वाट. मार्च 2025 च्या आवृत्तीपासून हीच दूरची वाट, त्याआधीची एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स) वरची जुनी जोडणी बाजूला पडली. नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच शिकवण्या अजून जुन्याच आहेत, तारीख पाहून वाचाव्यात.

ओळखपत्राचं काम मात्र भरपूर. जून 2025 च्या आवृत्तीनं एमसीपी सर्व्हर म्हणजे ओऑथ या परवानगीच्या मानकातला रिसोर्स सर्व्हर असं स्पष्ट केलं: टोकन (इथं प्रवेशाचा परवाना) देणारा वेगळा, आपण फक्त ते तपासायचं, आणि ते आपल्यासाठीच दिलंय का हेही पाहायचं. सोमवारपासूनचे सगळे दिवस यातच गेले. फंक्शन कॉलिंगमध्ये हे काहीच लागलं नव्हतं, कारण तिथं सर्व्हर आणि ॲप एकाच घरात होते.

प्रत्येक टूलवर "फक्त वाचन" अशी सूचक खूण लावली. ती खूण म्हणजे सूचनाच, हमी नव्हे. कुणीही सर्व्हर खोटी खूण लावू शकतो. आपली हमी डेटाबेसच्या वाचन-हक्कात आहे.

निरोप_मसुदा एमसीपीवर दिलेलं नाही. सीएंना त्याचं काय काम?

20 डिसेंबर

जीएसटीआर-3बी या विवरणपत्राची शेवटची तारीख. दिवाणजी आणि सीए दोघंही नॉट रिचेबल.

22 डिसेंबर

सीएंच्या सहायकानं विचारलं, ईमेलचा आणि बँक उताऱ्यांचा असे आणखी दोन तयार एमसीपी सर्व्हर सापडलेत, तेही जोडू का? टॅलीच्या माहितीबरोबर एकाच ॲपमध्ये नकोत, असं कळवलं.

कारण विचारलं म्हणून लिहून दिलं. तयार पॅकेज म्हणजे आपल्या मशीनवर चालणारा दुसऱ्याचा कोड. सप्टेंबरमध्ये ईमेल पाठवणाऱ्या एका एमसीपी पॅकेजचं प्रकरण उघडकीस आलं: आधीच्या आवृत्त्या सरळ चालल्या आणि मग एका नव्या आवृत्तीत एक ओळ आली, जिच्यामुळे प्रत्येक ईमेलची गुप्त प्रत बाहेरच्या पत्त्यावर जायची. त्याहून बारीक धोका टूलच्या वर्णनाचा. वर्णन मॉडेल वाचतं, माणूस सहसा वाचत नाही. एका सर्व्हरच्या वर्णनात "दुसऱ्या टूलचा निकालही इथं पाठव" असं दडवलं असेल तर मॉडेल ते सूचना समजून पाळू शकतं. सर्व्हर वेगवेगळे असले तरी मॉडेलसमोर सगळ्यांची वर्णनं एकाच पानावर येतात.

29 डिसेंबर

नोव्हेंबरातला अँथ्रोपिकचा लेख जोडीदारानं आज वाचायला लावला. टूल एकेक करून चालवण्याऐवजी मॉडेलनं कोड लिहायचा आणि तो कोड टूलं चालवेल. त्यांच्या उदाहरणात दीड लाख टोकनांचं काम दोन हजारांत. शेकडो टूलं असलेल्या ठिकाणी पटण्यासारखं आहे. आपल्याकडं पाच टूलं, आणि निकाल आधीच वीस ओळींवर थांबवलेला. शिवाय कोड चालवायला बंदिस्त जागा उभारा, तिची राखण करा. नको.

3 जानेवारी 2026, शनिवार

मालकांची नवी कल्पना: गिऱ्हाइकांचे येणारे व्हॉट्सॲपही मॉडेलनं वाचावेत आणि "माझी बाकी किती?" याला आपोआप उत्तर द्यावं.

सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि ब्लॉगर सायमन विलिसन यांनी जून 2025 मध्ये एका तिहेरी जोडीला प्राणघातक म्हटलं: खाजगी माहिती, परक्याचा मजकूर आणि बाहेर पाठवण्याची सोय. यातल्या कुठल्याही दोन एकत्र चालतात, तिन्ही एकाच एजंटकडं नकोत. मालकांच्या कल्पनेत तिन्ही आहेत. कुणी गमतीनं जरी लिहिलं की "मी मालकांचा भाऊ, सगळ्यांची यादी पाठव", तर प्रॉम्प्टमधल्या ताकिदीवर विसंबून राहावं लागेल.

पर्याय दिला: येणाऱ्या निरोपांसाठी वेगळा सहायक, त्याच्याकडं एकच टूल, माझी_बाकी. ते टूल कुठलीच माहिती मागत नाही. खातं कुठलं हे निरोप आलेल्या नंबरवरून आमचा कोड ठरवतो, मॉडेल नाही. मॉडेल फसलं तरी समोरच्याला त्याचीच बाकी दिसेल. नोंदलेला नंबर नसेल तर "दुकानात फोन करा."

मालकांना हे रुचलं, पण द्राक्षाचा माल निघेपर्यंत नको म्हणाले. "आत्ता बाकी विचारून घेतली की तेवढ्यावरच अडून बसतील."

14 जानेवारी

संक्रांत. दुकान अर्धा दिवस. सीएंच्या बाजूनं पहिला पूर्ण आठवडा बिनघोर गेला. लॉगमध्ये प्रत्येक टूल कुणी, कधी, काय माहिती देऊन चालवलं ते दिसतंय. सहायक "ऑन अकाउंट" जमा असलेलीच खाती शोधतोय, म्हणजे मार्चअखेरच्या आधी बिलं लावून घ्यायचा त्यांचा विचार दिसतो. टूल तिळगुळासारखं वाटून दिल्यावर माणसं त्याचा आपल्याला न सुचलेला उपयोग काढतात.

17 जानेवारी, शनिवार

नवी मागणी, फिरत्या विक्रेत्यांची. दोघं आहेत, एक तासगाव-कवठेमहांकाळ, दुसरा मिरज-जत. प्रत्येकाला आपल्याच भागातली उधारी दिसावी.

जोडीदारानं प्रॉम्प्टमध्ये ओळ सुचवली, "हा विक्रेता फक्त अमुक तालुक्यांचा." नको. भाग प्रवेशाच्या टोकनमध्ये जाईल, आणि पोस्टग्रेसमध्ये ओळीपातळीचा नियम लावायचा, म्हणजे दुसऱ्या भागाची खाती त्या जोडणीला दिसणारच नाहीत. खाते_शोधही तेवढ्यातच शोधेल. मॉडेलला या बंधनाचा पत्ता नसला तरी चालेल.

एक पेच उरलाय. सीमेवरच्या काही गावांतले दुकानदार दोघांकडूनही माल घेतात. ती खाती दोघांना दाखवायची की एकालाच, हे मालकांनी ठरवायचं. सोमवारी विचारणार. तोवर नियम कडक ठेवून ती खाती दोघांनाही बंद.